डेबियनची घटना : मतदार कोण, कौल कोणाचा?

गेली वीस-बावीस वर्षे मी संस्थांच्या घटना जमवतो आहे. वाचनालये, व्यायामशाळा, पतपेढ्या, नाट्यमंडळे यांच्या आठ-बारा पानी पुस्तिका. मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबनीस म्हणून नोकरी करता करता जे वाचले, तेवढेच माझे शिक्षण. या नादामागे एक जुनी खंत आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. सभासद चारशेच्या आसपास. नोटिशीच्या तळाशी नेहमीची टीप होती : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल आणि त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. अर्ध्या तासाने आम्ही अकराजण उरलो होतो. जागेच्या अडचणीमुळे जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली निकाली काढण्याचा ठराव आला आणि सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या चौघांत मी होतो. आठवड्याभरात साठ-सत्तर वर्षांच्या फायली रद्दीच्या टेम्पोत चढल्या. कोणी लबाडी केली नव्हती. सगळे घटनेप्रमाणे झाले होते. मग दोष कुठे होता? त्या दिवसापासून मी घटना वाचू लागलो.

काही वर्षांनी माझ्या भाच्याने माझ्या जुन्या संगणकावर ‘डेबियन’ नावाची प्रणाली घालून दिली. पैसे कोणाला द्यायचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, “कोणालाच नाही, मामा. तिला मालक नाही. पण घटना आहे.” मी ती घटना वाचायला घेतली आणि सात विरुद्ध चारचे कोडे मला वेगळ्या बाजूने दिसू लागले.

घटना आली कशी

डेबियन म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली आणि तिच्या जोडीची हजारो सॉफ्टवेअर, नीट तपासून एकत्र बांधलेली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांची संधी म्हणजे डेबियन. पुढे गाजलेली उबंटू ही प्रणाली याच पायावर उभी राहिली.

पहिली काही वर्षे प्रमुख म्हणेल ती पूर्व दिशा असा कारभार होता. मर्डॉकनंतर १९९६ मध्ये ब्रूस पेरेन्स प्रमुख झाले. त्यांच्या काळात, १९९७ मध्ये, प्रकल्पाने ‘सामाजिक करार’ आणि मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आज ‘ओपन सोर्स’ची जी व्याख्या जगभर प्रमाण मानतात, ती याच तत्त्वांवरून बेतलेली आहे. पुढचे प्रमुख इयन जॅक्सन यांनी घटनेच्या मसुद्याचे मुख्य काम केले आणि डिसेंबर १९९८ मध्ये घटना मंजूर झाली.

तिच्यातले एक कलम मला माझ्या संग्रहातल्या एकाही पुस्तिकेत सापडलेले नाही. ते सांगते की, ही घटना कोणावरही काम करण्याची सक्ती करत नाही. एखादे काम पटत नसेल तर करू नका. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाच्या विरोधात जाणूनबुजून काम करू नका. सगळे स्वयंसेवक, पगार कोणालाच नाही. मग हुकूम कोणी कोणावर सोडायचा? शिवाय इथे नाराज माणूस राजीनामा देऊन थांबत नाही. सगळा कोड खुला असल्यामुळे तो अख्ख्या घराची हुबेहूब प्रत घेऊन शेजारी नवा संसार थाटू शकतो, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. म्हणून इथल्या निवडणूक नियमांना दुहेरी काम आहे. जिंकणारा ठरवायचा आणि हरणाऱ्याला घरात राहावेसे वाटेल असेही पाहायचे.

मतदार कोण?

डेबियन वापरणारे जगभर असंख्य आहेत. मताचा अधिकार मात्र साधारण हजार जणांना आहे. वापरणारा मतदार नाही; काम करणारा मतदार. आमच्या वाचनालयात वर्गणी भरली की मत मिळे, पुस्तक उघडले नाही तरी. इथे वर्गणी कामाची.

या मतदारांची यादीही वेगळी आहे. प्रत्येक सदस्याकडे संगणकीय स्वाक्षरीची एक ‘किल्ली’ असते आणि किल्ल्यांचा जुडगा हीच मतदारयादी. नव्या माणसाने जुन्या सदस्याला प्रत्यक्ष भेटायचे, ओळखपत्र दाखवायचे आणि त्याने या किल्लीला आपली स्वाक्षरी जोडायची. मग उमेदवारीचा काळ : प्रकल्पाची तत्त्वे समजली आहेत का, हातात काम आहे का, हे पाहिले जाते. मत ईमेलने जाते, पण त्या स्वाक्षरीशिवाय मोजले जात नाही. आयत्या वेळी पन्नास नवे सभासद भरून निवडणूक फिरवण्याचा, आपल्याकडे सर्वांना परिचित असलेला मार्ग इथे बंद आहे.

पण ‘काम’ कशाला म्हणायचे? बरीच वर्षे याचे उत्तर एकच होते : जो सॉफ्टवेअर बांधून भांडारात चढवतो तो कामकरी. भाषांतर करणारे, माहितीपुस्तिका लिहिणारे, चित्रे काढणारे, परिषदा भरवणारे राबत होते, पण सदस्यत्वाच्या दाराशी अडत होते. डेबियन बसवताना पडद्यावर येणाऱ्या सूचना मराठीतही उपलब्ध आहेत. त्या कोणीतरी बसून, एकेका शब्दावर डोके खपवून मराठीत आणल्या. असा माणूस घरचा की पाहुणा?

२०१० मध्ये या प्रश्नावर सर्वसाधारण ठराव आला आणि मंजूर झाला. सॉफ्टवेअर न बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनाही सदस्य करून घ्यावे, असे ठरले. भांडारात सॉफ्टवेअर चढवण्याचा तांत्रिक अधिकार त्यांना नसेल, पण मत मात्र इतरांइतकेच असेल. मला हा ठराव प्रकल्पाच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. मताधिकार वाढवण्याचा निर्णय ज्यांच्याकडे मत आहे तेच घेतात, आणि आपल्या मताचे वजन कमी करून घ्यायला सहसा कोणी राजी नसते. इथे ते राजी झाले. २०२३ ची डेबियनची जागतिक परिषद आपल्या कोचीत भरली, तेव्हा ती उभी करणाऱ्या हातांकडे पाहण्याची दृष्टी या ठरावाने आधीच बदलली होती.

कौल मोजायचा कसा?

आपल्याला सवय आहे ती सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, या पद्धतीची. तिचा दोष एका उदाहरणात दिसेल. शंभर मतदार, तीन पर्याय. पहिल्याला ४० जणांची पहिली पसंती, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. आपल्या रीतीने पहिला जिंकला. पण समजा, पहिला आणि दुसरा हे दोन टोकांचे पर्याय आहेत आणि दोन्हीकडच्या लोकांची दुसरी पसंती तिसऱ्यालाच आहे. मग तिसरा आणि पहिला अशी समोरासमोर लढत लावली तर तिसरा ६० विरुद्ध ४० ने जिंकतो. दुसऱ्याशी लावली तरी ६५ विरुद्ध ३५ ने जिंकतो. म्हणजे दोघांनाही हरवणारा पर्याय आपण तळाला टाकला होता.

फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये याचा विचार मांडला. डेबियनमध्ये मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतो आणि प्रत्येक जोडीची लढत मोजली जाते. गंमत अशी की, १९९८ च्या मूळ घटनेत काँदोर्सेचे नाव चुकून ‘काँकॉर्ड’ असे पडले होते! चूक केवळ नावाची नव्हती, मोजणीच्या नियमांतही फटी होत्या. कधी पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला हरवतो. हे चक्र सोडवायचे कसे? २००३ मध्ये घटनादुरुस्ती करून मार्कुस शुल्झे यांनी शोधलेली पद्धत स्वीकारण्यात आली.

आणखी दोन व्यवस्था लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. मतपत्रिकेवर नेहमी एक ठरलेला पर्याय असे : ठरावांत ‘आणखी चर्चा’, प्रमुखाच्या निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’. आपल्याकडे २०१३ मध्ये ‘नोटा’ आला, पण लोकसभा-विधानसभेच्या निकालावर त्याचा परिणाम होत नाही. इथे होतो. या पर्यायाला जो हरवू शकत नाही, तो उमेदवार किंवा ठराव शर्यतीतूनच बाद.

दुसरी व्यवस्था गणपूर्तीची, आणि हिशेबनीस म्हणून माझा जीव तिच्यात अडकला. एकूण सदस्यसंख्येचे वर्गमूळ काढायचे, त्याचे निम्मे करायचे आणि त्याची तिप्पट घ्यायची. ९०० सदस्य असतील तर वर्गमूळ ३०, निम्मे १५, तिप्पट ४५. कोणताही पर्याय जिंकण्यासाठी त्याला त्या ठरलेल्या पर्यायापेक्षा वर ठेवणारी निदान इतकी मते हवीत. संस्था चौपट वाढली तरी ही अट दुप्पटच होते, त्यामुळे मोठी संस्था लोकांच्या आळसापायी ठप्प होत नाही. पण मूठभरांच्या हातीही जात नाही. आणि इथे हजेरी मोजत नाहीत, त्या पर्यायाच्या बाजूची मते मोजतात. त्यामुळे गैरहजर राहून सभा पाडण्याचा डाव इथे चालत नाही.

नियम कुठे अडखळले

एवढे सगळे असूनही ठेच लागायची ती लागलीच. २००४ मध्ये सामाजिक करारातली भाषा सुधारण्याचा ठराव आला. शीर्षक होते ‘संपादकीय दुरुस्त्या’. अनेकांना वाटले, शुद्धलेखनाचे काम असेल. प्रत्यक्षात एक ‘सॉफ्टवेअर’ शब्द निघाल्यामुळे मुक्ततेची अट माहितीपुस्तिकांपासून यंत्राच्या पोटातल्या बारीक संहितांपर्यंत सगळ्याला लागू झाली आणि तयार होत आलेली नवी आवृत्ती अडली. अखेर दुसरा ठराव करून हा बदल पुढे ढकलावा लागला. ती आवृत्ती जून २००५ मध्ये बाहेर पडली. ठरावाच्या मजकुराइतकेच त्याचे शीर्षक महत्त्वाचे, हा धडा माझ्या गावालाही लागू आहे. ‘जागेची अडचण’ या शब्दांखाली आमच्या फायली गेल्या.

२००८ मध्ये वाद पंचावरच आला. कोणत्या पर्यायाला साधे बहुमत पुरेल आणि कोणत्याला तिप्पट लागेल, हे सचिव ठरवत. तेव्हाचे सचिव मनोज श्रीवास्तव यांच्या निर्णयांवर इतकी टीका झाली की त्यांनी त्याच डिसेंबरात पद सोडले. नियम कितीही नेमके लिहा, त्यांचा अर्थ लावणारा माणूस लागतोच आणि त्याच्यावरचा विश्वास कलमात लिहिता येत नाही.

सर्वांत कठीण परीक्षा २०१४ ची. संगणक सुरू होताना सगळी यंत्रणा जागी करणारा मूळ प्रोग्राम कोणता असावा, यावरून प्रकल्प दुभंगला. तांत्रिक समितीत मते चार विरुद्ध चार पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने ‘सिस्टमडी’ची निवड झाली. त्या वर्षअखेर याच वादातून सर्वसाधारण ठराव आला. दोन्ही टोकांचे पर्याय मतपत्रिकेवर होते. जिंकला तो ‘अशा ठरावाची गरज नाही’ हा पर्याय. तरीही काही मंडळी प्रत घेऊन बाहेर पडलीच. त्यांच्या ‘डेव्हुअन’ची पहिली पक्की आवृत्ती २०१७ मध्ये आली. बहुतेक जण मात्र राहिले. दोन घरे झाली, पण मूळ घर पडले नाही.

शेवटची ठेच गुप्ततेची. प्रमुखाची निवडणूक गुप्त असे, पण ठरावांवर कोणी काय मत दिले ते नावानिशी जाहीर होई. २०२१ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावरील पुनरागमनाबद्दल भूमिका घ्यावी का, यावर मतदान झाले आणि निवेदन न काढण्याचा पर्याय जिंकला. पण वातावरण इतके तापले होते की, नावानिशी मत देणे अनेकांना जोखमीचे वाटले. २०२२ मध्ये ठरावांसाठीही मतदारांची नावे झाकण्याचे ठरले. मतांची यादी प्रसिद्ध होते, पण नावांऐवजी सांकेतिक अक्षरांची. आपले मत बरोबर मोजले गेले का, हे प्रत्येकाला तपासता येते. दुसऱ्याचे मत कळत नाही.

हे सगळे आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही. मतदान अनेकदा निम्म्याहून कमी होते. २०१९ मध्ये प्रमुखपदासाठी मुदतीत एकही अर्ज आला नाही. घटनेतल्या तरतुदीप्रमाणे मुदत वाढवल्यावर उमेदवार मिळाले. पण प्रत्येक ठेचेनंतर या लोकांनी कलम उघडून पाहिले, चुकले कुठे ते शोधले आणि दुरुस्त केले. आमच्याकडे त्या सभेनंतर लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. कलम मात्र आहे तसेच राहिले.

परवा जुनी नोटीस काढून मी हिशेब मांडला. चारशे सभासद, वर्गमूळ वीस, निम्मे दहा, तिप्पट तीस. ठराव मंजूर व्हायला तीस मते हवी होती. मिळाली होती सात. त्या संध्याकाळी निर्णय झाला असता तो ‘आणखी चर्चा’ एवढाच, आणि फायली कपाटावर राहिल्या असत्या.

यंदा वाचनालयाच्या सभेपुढे घटनादुरुस्तीचा अर्ज दिला आहे. तीस मतांची अट आणि ठरावाचे शीर्षक स्पष्ट असण्याची अट, दोनच कलमे. सभा दिवाळीनंतर आहे. अर्ध्या तासानंतरही थांबतील अशी माणसे जमवतो आहे.