खर्ड्याची थकबाकी : ऋणकोची लबाडी आणि न्यायालयाची नजर

खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ ही तारीख आठवते. मराठे आणि निजाम समोरासमोर आले, निजामाच्या फौजेची दाणादाण उडाली आणि खुद्द निजामअलीला निंबाळकरांनी बांधलेल्या खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. या लढाईच्या मुळाशी एक हिशेबाचा वाद होता, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

चौथ-सरदेशमुखीची बाकी निजामाकडे वर्षानुवर्षे तुंबली होती. पुण्याने मागणी केली, तेव्हा हैदराबादने रक्कमच वादग्रस्त ठरवली. हिशेबाची कलमे गुंतागुंतीची आहेत, तेव्हा नाना फडणविसांनी स्वतः हैदराबादेस येऊन खुलासा करावा, असे निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने मराठ्यांच्या वकिलांना भर दरबारात सुनावले. देणे थेट नाकारायचे नाही, हिशेबातच खोट काढून काळ ढकलायचा, ही ऋणकोची जुनीच युक्ती. पराभवानंतर तीन कोटी रुपये, दौलताबादसह मोठा मुलूख आणि स्वतः मुशीरुल्मुल्क एवढे निजामाला मान्य करावे लागले. देण्यापोटी दिवाणाचा देहच ओलीस गेला. पुढे सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात वारसाचा घोळ सुरू झाला, दिवाण सुटला आणि १७९६ च्या महाडच्या तहाने खर्ड्याला कबूल केलेले बरेच काही निजामाला परत मिळाले. बड्या ऋणकोचे असे निभावले.

सामान्य माणसाच्या देण्यातही तारण देहाचेच असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पेशवाईतील तगाद्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घरात कोंडणे, जेवू न देणे, उन्हात बसवणे. तो वरचढ असेल तर धनकोच त्याच्या उंबऱ्यावर धरणे धरून बसे आणि त्याच्या अब्रूला हात घाली. या पद्धतीत एक प्रश्न कोणी विचारत नसे : हा माणूस खरोखर नादार आहे, की पैसे दडवून बसला आहे? दोघांनाही ऊन सारखेच लागे.

इंग्रजी राज्याने तगादा आणि धरणे बंद पाडले. दैवी कोपाची भीती घालून दारात बसणे हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा ठरला. पण १८५९ च्या दिवाणी कार्यसंहितेने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी ऋणकोला दोन वर्षांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची मुभा दिली. उन्हाची जागा कोठडीने घेतली, एवढेच.

या काळातील खर्डा ही जामखेड तालुक्यातील मोठी पेठ होती. गॅझेटियरमध्ये येथील व्यापारी, दुकानदार आणि सावकार मिळून पाचशेहून अधिक असल्याची नोंद आहे, आणि मंगळवारच्या गुरांच्या बाजाराचीही. अशा पेठेभोवतीच्या गावांत रोखा कसा फुगत जाई, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. एका कुणब्याने ५० रुपये दरमहा शेकडा दोन व्याजाने घेतले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा लावावा लागे. म्हणून सावकार तिसऱ्या वर्षी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. ५० चे ८६ झाले, ८६ चे १४८, आणि नवव्या वर्षाअखेर सुमारे २५४. न्यायालयासमोर येई तो फक्त शेवटचा रोखा. त्यावर अंगठा ऋणकोचाच असे. समन्स मिळूनही तो पुष्कळदा हजर होत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. कागदाच्या दृष्टीने लबाड कोण, हे ठरून गेलेले असे.

येथे एक सावधगिरीची सूचना. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या इतिहासात ‘कर्डे’ नावाचे गाव येते. ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले, खर्डा नव्हे. तेथे काळूराम नावाच्या सावकाराने १८७४ च्या अखेरीस दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुखांचे घर पाडले आणि गाव पेटले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला. नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांपर्यंत तो पोचला. दंगेखोरांचा रोख बहुतेक ठिकाणी माणसांपेक्षा खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ज्या कागदापलीकडे न्यायालय पाहत नव्हते, तोच त्यांनी जाळला.

दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याच्या १२ व्या आणि १३ व्या कलमांनी न्यायाधीशाला शेवटच्या रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून शोध घेण्यास सांगितले : मुद्दल वेगळे मांडा, व्याज वेगळे मांडा, मुद्दलात घातलेले व्याज बाहेर काढा, आणि व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून अधिक झाली तर मुद्दलाच्या दुपटीवर थांबा. जुन्या दामदुपटीलाच कायद्याचे बळ मिळाले. वरच्या उदाहरणातले २५४ रुपये या हिशेबाने १०० वर येतात. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करणेही या कायद्याने बंद केले. ५० रुपये किंवा अधिक देणे असलेल्या शेतकऱ्याला दुय्यम न्यायाधीशाकडे नादारीचा अर्ज करण्याची सोय झाली. तिचा वापर मात्र फारसा झाला नाही. दिवाळखोर म्हणवून घेणे गावात जड जात असणार.

मग खरोखर लबाड असलेल्या ऋणकोचे काय? त्याचे उत्तर १८७७ च्या दिवाणी कार्यसंहितेत होते. नादारीच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, मालमत्ता दडवली किंवा परस्पर दुसऱ्याच्या नावे केली, एखाद्याच धनकोला झुकते माप दिले, तर अर्ज नामंजूर होई. फसवणूक सिद्ध झाल्यास धनकोच्या मागणीवरून एक वर्षापर्यंत कैदही होऊ शके. म्हणजे न फेडणे एक आणि फसवणे दुसरे, ही रेषा आता कायद्यात स्पष्टपणे उमटली होती.

खर्ड्यात या रेषेला भूगोलाचा एक पदर होता. जामखेड तालुक्याची गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली होती. मोगलाई हाकेच्या अंतरावर. बैल आणि धान्य घेऊन पलीकडे गेलेल्या माणसापर्यंत इंग्रजी न्यायालयाचा बेलिफ पोचू शकत नव्हता. हुकूमनामा टाळण्यासाठी हद्द सोडू पाहणाऱ्या प्रतिवादीला निकालाआधीच पकडून जामीन मागण्याची तरतूद संहितेत होती. सरहद्दीच्या पेठेत तिचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही एक शंका उरते : ओळखीच्या गावाकडे दुष्काळात निघालेला माणूस आणि पळून निघालेला ऋणको, यांत फरक कसा करायचा?

१८७९ च्या कायद्याने नव्या लबाडीलाही वाट करून दिली. सवलत शेतकऱ्याला होती. त्यामुळे ‘शेतकरी कोण’ यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले. ज्यांची खरी कमाई अन्यत्र होती, तेही शेतीच्या आधाराने सवलत मागू लागले. सावकारांनीही गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मागे जाऊन पाहायला कर्जच उरू नये. अखेर खरेदीखत हे मुळात गहाणच होते, हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा कायद्यात घालावी लागली. एका बाजूची पळवाट बुजवावी, तर दुसऱ्या बाजूने नवी.

देशभरच्या प्रांतांसाठी १९०७ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये प्रांतिक नादारी कायदा झाला. त्यात ऋणकोचे वर्तन अधिक बारकाईने तपासले जाते. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत केलेले पोकळ हस्तांतरण रद्द होऊ शकते. तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला दिलेले झुकते माप उलटवता येते. वह्या नष्ट केल्यास किंवा मालमत्ता दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद. १९३६ मध्ये दिवाणी संहितेत दुरुस्ती होऊन, ऐपत असूनही न देणारा, पळू पाहणारा किंवा मालमत्ता लबाडीने हलवणारा अशांनाच प्रामुख्याने तुरुंगात पाठवता येईल, असे ठरले. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीज खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच घटनेच्या भाषेत मांडले : केवळ पैसे न देणे पुरेसे नाही, दुर्हेतू दिसला पाहिजे.

२०१६ ची दिवाळखोरी संहिता आली, तरी व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. खर्ड्यातला दुकानदार आजही नादारीसाठी गेला, तर तो १९२० च्याच कायद्याखाली जाईल. त्या कायद्याचे ७२ वे कलम सांगते, की मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा अधिक उधार घेतले, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९२० साली ५० रुपयांत गुरांच्या बाजारात काहीतरी सौदा जमला असता. आज तेवढ्यात जनावराचे दावेही येईल की नाही, शंकाच आहे.