राजहंस उठले

मार्चचा दुसरा आठवडा. कुंभारगावात होडीत बसलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. समोर उजनीचा फुगवटा. धरणाच्या भिंतीमुळे नदी मागे तुंबून पसरते, त्या पाण्याला आपण फुगवटा म्हणतो. मोठा अचूक शब्द आहे. भीमा इथे वाहत नाही, फुगते. धरण 1980 साली पुरं झालं आणि भिगवणच्या परिसरात बुडालेल्या शिवारावर हळूहळू पक्ष्यांनी वस्ती केली.

मी आलो होतो राजहंसांसाठी, म्हणजे पट्टकादंबांसाठी. होडीवाल्या काकांना तसं सांगितलं. बांबू पाण्यात रोवत ते म्हणाले, "राजहंस व्हय? ते उठले की परवाच. आता घावायचे न्हाईत."

राजहंस हुकले, पण 'उठले' हा शब्द मिळाला.

मराठीत जे जे जमून बसतं ते ते उठतं. पंगत बसते, पंगत उठते. आठवड्याचा बाजार बसतो, दिवस कलला की उठतो. दिंडीचा तळ उठतो. संस्कृत 'उत्' आणि 'स्था' मिळून 'उत्था', त्याचं प्राकृतात 'उट्ठ', त्याचं आपलं 'उठ'. मूळ अर्थ वर उभं राहणं. पण बाजार उठतो तेव्हा कोणी एक माणूस उभा राहत नसतो, सगळा मेळाच जागेवरून हलतो. काकांच्या तोंडी तोच अर्थ होता. पाच महिने बसलेला हंसांचा बाजार एका पहाटे उठला.

हा शब्द मला इतका का भावला, तर त्या जागी आपल्या लिखित मराठीत काहीच नाही म्हणून. नोव्हेंबरात वर्तमानपत्रं उघडा. 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' हा मथळा ठरलेला, सोबत पाण्यावरून उडणाऱ्या थव्याचं छायाचित्र. मार्चमध्ये मात्र कोणी छापत नाही की पाहुणे गेले. युरोप-अमेरिकेत वसंत म्हणजे पक्षी परत येण्याचा ऋतू. तळ्याकाठच्या बागांतून लोक दुर्बिणी घेऊन त्यांची वाट पाहतात. आपल्याकडे उलटं. आपला वसंत आंब्याच्या मोहरात, पळसाच्या फुलांत आणि कोकिळेच्या गळ्यात अडकलेला. त्याच दिवसांत तळी रिकामी होत असतात, हे आपल्या वसंतवर्णनांच्या गावीही नसतं.

बरं, 'परदेशी पाहुणे' हे तरी कितपत खरं? 'पाहुणा' हा शब्द संस्कृत 'प्राघूर्णक'शी जोडला जातो. त्यातला 'घूर्ण्' म्हणजे फिरणं, भ्रमण करणं. मुळात पाहुणा म्हणजे हिंडत हिंडत आलेला. त्या अर्थाने पक्ष्यांना पाहुणे म्हणणं झकास जमतं. पण आजचा पाहुणा चार दिवसांचा असतो आणि त्याचं घर दुसरीकडे असतं. जो प्राणी वर्षातले पाच-सहा महिने भीमेच्या पाण्यावर काढतो, त्याला पाहुणा म्हणायचं तर सासरी नांदणाऱ्या लेकीलाही म्हणावं लागेल.

'परदेशी'ची तऱ्हा तर आणखी वेगळी. चुकलेल्या राजहंसांकडेच पाहा. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करणारा, हिमालय ओलांडताना 7000 मीटरच्याही वर उडाल्याची नोंद असलेला हा पक्षी. त्याचं शास्त्रीय नाव 'अन्सर इंडिकस'. लॅटिन 'अन्सर' आणि संस्कृत 'हंस' ही सख्खी भावंडं; दोघांचं मूळ एकाच प्राचीन भाषेत. जर्मन 'गान्स' त्यांचाच भाऊ, आणि मधला अनुनासिक गळून गेलेला इंग्रजी 'गूस' हाही. म्हणजे 'अन्सर इंडिकस'चं मराठी करायचं तर 'भारतीय हंस' असंच होईल. एवढं नाव लावूनही आपण त्याला परदेशी म्हणतो! बाकी पट्टकादंब हे नावही नेटकं आहे. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे, म्हणून 'पट्ट'. आणि कादंब म्हणजे कलहंस, असं अमरकोश सांगतो.

आमची होडी एका उथळ बेटाशी आली. तिथे भगव्या रंगाची एक जोडी उभी होती. चक्रवाक. हे अजून उठले नव्हते. ऋग्वेदापासून नावानिशी ओळखला जाणारा हा पक्षी. रात्री नर-मादीची ताटातूट होते, मग ती रात्रभर एकमेकांना हाका मारतात, हा कविसंकेत सगळ्यांच्या परिचयाचा. संस्कृत कवींनी त्याच्या नावाशी मात्र एक गंमत केली. चक्र म्हणजे चाक, चाक म्हणजे रथाचं अंग, म्हणून चक्रवाकाला ते 'रथांगनामा' म्हणत. ज्याचं नाव रथाच्या भागावरून आहे तो! शब्दकोडं सोडवल्याशिवाय पक्षी दिसणार नाही, अशी व्यवस्था. चक्रवाकाचं झिजत झिजत चकवा-चकवी झालं. 'चकवा लागला' म्हणतो तो चकवा वेगळा. त्याचं नातं चकवण्याशी. याच पक्ष्याचं दुसरं नाव ब्राह्मणी बदक. त्यातलं 'बदक' फारसी 'बतक'वरून आलेलं. अर्धं नाव संस्कृत, अर्धं फारसी, आणि नांदतंय सुखाने.

फारसीचा विषय निघालाच आहे तर सुरखाब घ्या. हिंदीत सुरखाब म्हणजे हाच चक्रवाक. 'सुरखाब के पर' लागतात ते याचे. गुजरातीत मात्र सुरखाब म्हणजे रोहित, आपण सर्रास फ्लेमिंगो म्हणतो तो. रंगाची लाली दोघांत आहे, त्यामुळे 'सुर्ख' कोणालाही शोभतं. 'फ्लेमिंगो'च्या पोटात लॅटिन 'फ्लामा', म्हणजे ज्वाळा. शास्त्रीय नावातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ किरमिजी पंखांचा. 'अग्निपंख' या मराठी नावात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. तरी मला रोहित जास्त आवडतं. लहान आहे, जुनं आहे आणि त्यात तांबूसपणाही आहे. कच्छी लोक याच पक्ष्याला 'हंज' म्हणतात, म्हणजे पुन्हा हंसच. भारतात रोहितांची मोठी वीण होते ती कच्छच्या रणातच. भिगवणच्या बातम्यांत मात्र हेही 'परदेशी'. कच्छ कधीपासून परदेश झाला?

काठाच्या चिखलात धोबी तुरुतुरु पळत होते. पिवळा धोबी, पांढरा धोबी. शेपटी सारखी खाली-वर, घाटावर धुणं आपटल्यासारखी. स्पॅनिश लोकांनाही हेच सुचलं. त्यांच्याकडे या पक्ष्याचं नाव 'लावांदेरा', म्हणजे धुणं धुणारी. संस्कृताने शेपटी सोडून चाल पाहिली आणि लंगडण्याच्या 'खंज्' धातूवरून त्याला खंजन केलं. खरी मजा लॅटिनात. 'मोटासिल्ला' या नावाचा सरळ अर्थ 'छोटी हलणारी'. पुढे कोणीतरी त्याची फोड 'मोटा' म्हणजे हलणारी आणि 'सिल्ला' म्हणजे शेपटी अशी केली. लॅटिनात 'सिल्ला' म्हणजे शेपटी असा शब्दच नव्हता. पण चूक रुजली, आणि पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाचं शास्त्रीय नाव 'अल्बिसिल्ला' ठरलं. नसलेल्या शब्दाची शेपटी तो गरुड आजही मिरवतो. लोकव्युत्पत्तीला हसणाऱ्या पंडितांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मूळ मुद्द्याकडे. पक्ष्यांच्या या येण्याजाण्याला आपण 'स्थलांतर' म्हणतो. भाषांतर, मतांतर, देशांतर यांतला 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. स्थलांतर म्हणजे दुसरी जागा, बस्स. कचेरीचं होतं, दवाखान्याचं होतं, धरणात गेलेल्या गावाचं होतं. त्यात परत येणं नाही, ऋतू नाही. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षी जाय दिगंतरा' या पुस्तकाच्या नावातलं 'दिगंतर' मला कितीतरी सरस वाटतं. दिक् म्हणजे दिशा. दिगंतरात जागा नाही, दिशा बदलते. पक्षी नेमकं तेच करतो. ऑक्टोबरात तोंड दक्षिणेला, मार्चमध्ये उत्तरेला.

पण दिगंतर झाला पुस्तकी शब्द. बोलीतले शब्द त्यांच्याकडे, ज्यांचं स्वतःचं पोट ऋतूप्रमाणे हिंडण्यावर आहे. धनगरांचा वाडा हलतो. साखर कारखान्याचं गाळप संपलं की इकडे म्हणतात, पट्टा पडला. बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे या शिवारात उतरतात आणि पट्टा पडला की गावाकडे निघतात. पक्ष्यांचं वेळापत्रक जवळजवळ तेच. सरकारी कागदांत त्या टोळ्यांनाही स्थलांतरितच म्हणतात, पण त्यांना कोणी पाहुणे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

परत काठाला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. काकांना विचारलं, "आणि रोहित? म्हणजे फ्लेमिंगो? ते कधी उठणार?"

"त्येंचं काय, उन्हाळाभर बी बसत्याल. पानी बघून ठरवत्यात."

बसणं, उठणं, उतरणं, हलणं. चारही क्रियापदं रोजच्या वापरातली, आणि पक्षिनिरीक्षणाच्या मराठी पुस्तकांत यांची जागा 'आगमन' आणि 'स्थलांतर' यांनी बळकावलेली. तुमच्या गावच्या तळ्यावर, खाडीवर, पाझर तलावावर पक्षी जातात तेव्हा तिथले कोळी, भोई, गुराखी काय म्हणतात, ते कान देऊन ऐका आणि वहीत टिपून ठेवा. शक्यतो याच मार्चमध्ये.