स्वतःचाच व्हिडिओ पाहून क्लिनिकची धास्ती कशी कमी होते?

समोर अडखळत बोलणारं सहा वर्षांचं मूल, शेजारी त्याची आई, काचेपलीकडे गुण देणाऱ्या मॅडम. स्पीच थेरपी शिकणाऱ्यांची पहिली क्लिनिकल पोस्टिंग साधारण अशी असते. बीएएसएलपी ही पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पण रुग्णांशी गाठ त्याआधीच पडते.

घाबरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडेच वळतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये हे नेमकं मांडलं. छातीतली धडधड, कोरडा घसा यांवरून आपण इतरांना कसे दिसतो याचं चित्र माणूस मनात रंगवतो आणि तेच खरं धरतो. बाहेरच्याला मात्र त्यातलं फारच थोडं दिसतं.

याचा फटका मुलाला बसतो. अडखळणाऱ्या मुलाला शब्द पुरा करायला वेळ हवा असतो. धास्तावलेल्या विद्यार्थ्याला ती शांतता सोसत नाही आणि तो पुढचा प्रश्न विचारून मोकळा होतो.

इथे व्हिडिओ कामी येतो, पण नुसता पाहून भागत नाही. २००० साली ॲलिसन हार्वे, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर बोलायला बिचकणाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आधी तयारी करायला लावली: व्हिडिओत काय दिसेल ते सांगा, ते डोळ्यांसमोर आणा, मग एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहा. तयारीविना पाहणाऱ्यांपेक्षा या लोकांचं स्वतःविषयीचं मत जास्त सुधारलं.

क्लिनिकमध्येही असंच करता येतं. आवाज किती कापला, किती वेळा अडखळलो, याचा अंदाज आधी कागदावर लिहायचा. मग व्हिडिओ लावून मोजायचं. प्रश्न विचारल्यावर आपण किती सेकंद थांबलो, हेही मोजायचं; पुढच्या सत्रात सुधारता येईल अशी ही गोष्ट.

स्वतःचा आवाज परका वाटेल. बोलताना तो आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून. या विद्यार्थ्यांनी हे ऑडिऑलॉजीत शिकलेलं असतं, तरी पहिल्यांदा तोंड वाकडं होतंच.

व्हिडिओत मूलही असतं. त्यामुळे पालकांची लेखी परवानगी आधी घ्यायची, आणि क्लिप वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही.