कॉलेज बास्केटबॉलची उतरंड

९ मार्च १९७४. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, म्हणजे एसीसीचा, अंतिम सामना. एका बाजूला नॉर्थ कॅरोलायना स्टेट, देशात पहिल्या क्रमांकावर. समोर मेरीलँड, चौथ्या क्रमांकावर. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली आणि जादा वेळ द्यावा लागला. स्टेटचा उंचपुरा सेंटर टॉम बर्लसन याने एकट्याने ३८ गुण केले आणि स्टेटने १०३-१०० असा सामना काढला. पुढे हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला. मेरीलँडला मात्र राष्ट्रीय स्पर्धेत पाऊलही ठेवता आलं नाही. एका कॉन्फरन्समधून एकच संघ, असा तेव्हा दंडक होता.

अमेरिकेत आज कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्सची जी प्रतवारी लावली जाते, बडे वर, ‘मिड-मेजर’ मध्ये, बाकीचे तळाला, तिची पाळंमुळं या सामन्यापर्यंत जातात. प्रतवारी खेळाच्या दर्जावरून आपोआप ठरत गेली, असं बहुतेकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. ती जन्मली राष्ट्रीय स्पर्धेतल्या जागांच्या वाटपातून, आणि पुढे त्या वाटपाच्या हिशेबानेच तिला पोसलं.

मुळात कॉन्फरन्स हा प्रकार दर्जा ठरवण्यासाठी नव्हताच. जेम्स नायस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल शोधून काढला तो डिसेंबर १८९१मध्ये. त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी, १८९६मध्ये, शिकागोत मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांचे प्राध्यापक एकत्र आले आणि त्यांनी जी संघटना बांधली, तीच आजची बिग टेन. त्यांची काळजी वेगळीच होती. फुटबॉलच्या मैदानावर उतरणारा मुलगा खरोखर विद्यार्थी आहे का, तो वर्गात बसतो का, एवढीच. आसपासच्या संस्थांनी एकमेकांशी एका नियमाने खेळावं, म्हणजे कॉन्फरन्स. तिच्यात भूगोल होता, शिस्त होती, श्रेणी नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धा १९३९मध्ये सुरू झाली तीही भूगोलावरच. देशाचे आठ जिल्हे पाडले होते, प्रत्येकातून एक संघ. अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. जिल्हा दुबळा असो वा तगडा, त्याची जागा पक्की. त्यामुळे कोणती कॉन्फरन्स किती मोठी, हा प्रश्न चहाच्या टपरीवरच्या गप्पांपुरताच होता. त्या उत्तरावर कुणाचं काही अडत नव्हतं.

१९७५मध्ये ते अडू लागलं. स्पर्धा ३२ संघांची झाली आणि विजेत्याखेरीज आणखी एखादा संघही कॉन्फरन्समधून घेता येईल, असं ठरलं. मेरीलँडवर झालेल्या अन्यायाची ही भरपाई होती आणि ती रास्तच होती. १९८०मध्ये संघांची संख्या ४८ झाली आणि एका कॉन्फरन्समधून किती संघ घ्यायचे यावरची मर्यादाच उठली. आता निवड समितीला दरवर्षी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं: बड्या कॉन्फरन्समधला पाचवा संघ चांगला, की लहान कॉन्फरन्समधला दुसरा? हे दोघे तर एकमेकांशी खेळलेलेही नसतात. याच सुमारास, १९७७मध्ये, वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीचे प्रशिक्षक जॅक क्वॅन्झ यांनी आपल्यासारख्या संघांसाठी ‘मिड-मेजर’ हा शब्द वापरला. तो पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला.

समितीच्या हाती १९८१मध्ये एक सूत्र आलं: रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स, सगळे म्हणायचे तसं आरपीआय. सूत्र इतकं साधं होतं की कागद-पेन्सिलीने मांडता यावं. संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला उरलेले २५ टक्के.

हा हिशेब एकदा नीट करून पाहावा, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. समजा, लहान कॉन्फरन्समधला एक संघ ३०पैकी २४ सामने जिंकला. त्याचं स्वतःचं प्रमाण ०.८०. त्याचे प्रतिस्पर्धी सरासरी ०.४० चे, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ०.५० चे. वजनं लावली की बेरीज येते ०.५२५. आता बड्या कॉन्फरन्समधला संघ घ्या, ज्याने ३०पैकी निम्मे सामने गमावले. प्रमाण ०.५०. पण त्याचे प्रतिस्पर्धी ०.६० चे आणि त्यांचे ०.५५ चे. बेरीज ०.५६२५. पंधरा सामने हरलेला संघ चोवीस सामने जिंकलेल्याच्या वर बसला. तीन चतुर्थांश गुण आपण काय केलं यावर नसून आपली गाठ कुणाशी पडली यावर मिळत होते, आणि हंगामातले निम्म्याहून अधिक सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये होतात. म्हणजे कॉन्फरन्सची प्रत आधी, संघाची नंतर.

लहान संघांनी मग मोठ्यांशी खेळावं, असं कुणी म्हणेल. ते खेळतात, पण बहुधा परक्या कोर्टवर. बडे संघ त्यांना ठरावीक रक्कम देऊन आपल्याकडे बोलावतात. याला ‘गॅरंटी गेम’ म्हणतात. परतीचा सामना लहानाच्या घरी व्हावा, याला बडे सहसा तयार होत नाहीत. तिथे हरलं तर नुकसान मोठं, जिंकलं तर पदरात फारसं काही नाही. २००४-०५च्या हंगामापासून आरपीआयमध्ये परक्या कोर्टवरच्या विजयाला १.४ आणि घरच्या विजयाला ०.६ असं वजन देऊन सुधारणा केली गेली. थोडा फरक पडला, वेळापत्रकं मात्र तशीच राहिली.

१९८५मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली. त्याच वर्षी, जेमतेम सहा वर्षांपूर्वी डेव्ह गॅव्हिट यांनी उभ्या केलेल्या बिग ईस्टचे तीन संघ शेवटच्या चारांत पोचले. १९९१पासून सीबीएसचा सात वर्षांचा एक अब्ज डॉलरचा करार लागू झाला आणि स्पर्धेचा पैसा ‘युनिट’ने वाटला जाऊ लागला. स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यामागे, अंतिम सामना वगळून, खेळणाऱ्या संघाच्या कॉन्फरन्सला एक युनिट मिळतं आणि त्याची रक्कम सहा वर्षं येत राहते. ज्या कॉन्फरन्सचा एकच संघ येऊन पहिल्याच फेरीत हरतो, तिच्या वाट्याला एक युनिट. आठ संघ आले तर पहिल्या फेरीतच आठ. प्रतवारीला आता तिजोरीही जोडली गेली.

२००६चा मार्च मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा महिना वाटतो. कलोनियल अॅथलेटिक असोसिएशनच्या उपांत्य फेरीत हरलेल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाला समितीने तरीही जागा दिली. त्याच वर्षी मिसुरी व्हॅली या मिड-मेजर कॉन्फरन्सचे चार संघ घेतले. निवडीच्या रविवारी सीबीएसवर जिम नॅन्ट्झ आणि बिली पॅकर यांनी समितीचे अध्यक्ष क्रेग लिटलपेज यांना याबद्दल थेट जाब विचारला. त्याआधी मेसनने या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. या वेळी त्यांनी मिशिगन स्टेट, गतविजेते नॉर्थ कॅरोलायना, विचिटा स्टेट आणि अखेर जादा वेळेत ८६-८४ असं अव्वल सीडच्या कनेटिकटला हरवलं आणि शेवटच्या चारांत धडक मारली. मिसुरी व्हॅलीतलेही दोन संघ शेवटच्या सोळांत पोचले. ज्यांच्याशी कुणी घरी जाऊन खेळत नव्हतं, त्यांना एकदा तटस्थ कोर्ट मिळालं आणि निकाल सर्वांनी पाहिला.

आरपीआय २०१८मध्ये निवृत्त झाला. त्याच्या जागी ‘नेट’ आला. त्यात प्रत्येक चढाईमागे किती गुण केले, किती दिले, याचा हिशेब धरतात. ही दिशा केन पोमरॉय या हवामानशास्त्रज्ञाने आपल्या ‘केनपॉम’ क्रमवारीने बरीच आधी दाखवली होती. त्याच सुमारास सामन्यांचे चार ‘क्वाड्रंट’ही पाडले गेले. घरी पहिल्या ३० संघांशी, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५०शी किंवा परक्या कोर्टवर पहिल्या ७५शी सामना असेल, तर तो क्वाड वन. गणित आधीपेक्षा निश्चितच सरस आहे. परंतु बड्या कॉन्फरन्समधल्या संघाला क्वाड वनचे सामने जानेवारी-फेब्रुवारीत आपोआप मिळतात. लहानाला ते मागूनही मिळत नाहीत. २०२४मध्ये इंडियाना स्टेट नेटच्या पहिल्या तिसांत असूनही बाहेर राहिलं. मिसुरी व्हॅलीचा अंतिम सामना ते हरले, एवढं त्याला पुरलं.

आपल्या रणजी करंडकात प्लेट गटातून एलिटमध्ये चढण्याची ठरलेली वाट असते. अमेरिकन कॉलेजमध्ये तशी वाट नाही. कॉन्फरन्स वर चढत नाही. तिच्यातलं एखादं विद्यापीठ नाव काढतं आणि वरच्यांचं बोलावणं येतं. २०१० आणि २०११ असे सलग दोन अंतिम सामने खेळलेल्या बटलरने हॉरायझन लीग सोडली आणि ते २०१३मध्ये बिग ईस्टमध्ये गेलं. क्रायटन मिसुरी व्हॅली सोडून तिथेच गेलं. २०१८ला शेवटच्या चारांत गेलेलं लॉयोला शिकागो चार वर्षांनी अटलांटिक टेनमध्ये. जॉर्ज मेसनही तिथेच. मागे उरलेल्या कॉन्फरन्सचा आकडा दर वेळी खाली येतो. गेल्या काही वर्षांत खेळाडूंनाही विद्यापीठ बदलणं सोपं झालं आहे, पैसाही उघड मिळतो. आयोनासारख्या लहान विद्यापीठात दोन वर्षं खेळलेला वॉल्टर क्लेटन ज्युनिअर २०२५मध्ये फ्लोरिडाकडून विजेता झाला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या मुलाने कष्टाने मिळवलेलं कुणी नाकारू नये. पण त्याला घडवणाऱ्या कॉन्फरन्सच्या खात्यावर त्यातलं काहीच जमा होत नाही.

त्याच २०२५मध्ये एकट्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, १४ संघ स्पर्धेत होते, आणि शेवटच्या सोळांतले सगळेच्या सगळे संघ अवघ्या चार कॉन्फरन्सचे होते.

आकड्यांवर माझा राग नाही. हिशेब हवाच, नाहीतर निवड समितीच्या मर्जीवर सगळं चालेल. पण २०२५मधल्या ६८ जागांपैकी ३१ जागा प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला हक्काने मिळालेल्या होत्या, आणि १९३९च्या भूगोलातून उरलेली हीच एक गोष्ट प्रतवारीच्या बाहेर आहे. त्या ३१ जागांना कुणी हात लावता कामा नये. अमेरिकेत असाल आणि मार्चमध्ये ऑफिसात ब्रॅकेट, म्हणजे निकालांच्या अंदाजांचा तक्ता, भरायला घ्याल, तेव्हा अकराव्या-बाराव्या सीडच्या संघांची वेळापत्रकं एकदा उघडून पाहा: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बड्यांपैकी कोण त्यांच्या घरी खेळायला गेलं होतं, ते मोजा.