आमची पोहणारी गाडी

आमची गाडी पोहते. ही थाप नव्हे, मी आत बसलेलो होतो.

शिवडीहून अटल सेतूनं पनवेलला एका बारशाला निघालो होतो. पुलाचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालेलं. त्याला चांगलं वर्ष उलटून गेलं होतं. पण ही वार्ता आमच्या गाडीच्या पडद्यापर्यंत पोचली नव्हती. तिच्यातला नकाशा २०१९ सालचा. त्यामुळे पडद्यावर चहूकडे निळाशार समुद्र आणि मधोमध आमचा बाण! आतली बाई मात्र जराही न डगमगता सांगत होती, "शक्य होईल तेव्हा मागे वळा." पाण्यावरचा भाग साडेसोळा किलोमीटरचा. तेवढा वेळ ती आम्हाला भर समुद्रात वळवत होती.

"कुणाची रे ही पोरगी?" मागच्या सीटवरून आई म्हणाली. "तिला म्हणावं, जरा खिडकीतून बाहेर बघ."

चिरंजीवांनी निदान केलं, "बाबा, मॅप अपडेट करायला हवा." पंचांग दरवर्षी नवं आणावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण नकाशाही शिळा होतो, हे नवीन होतं. मग मी नेहमीप्रमाणे काम बाजूला ठेवून त्या कामाचा इतिहास वाचायला बसलो. (गच्ची गळायला लागली तेव्हा मी सिमेंटचा इतिहास वाचला होता. हिला ते अजून आठवतं. पावसाळा आला की मलाही आठवण करून देते.)

तर गाडीत नकाशा बसवायची हौस पडद्याहून पुष्कळ जुनी. १९०९ साली अमेरिकेत जोन्स नावाच्या गृहस्थांनी 'लाइव्ह मॅप' विकायला काढला. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी कागदी चकती, तिच्या कडेनं रस्त्याच्या सूचना छापलेल्या. ती चाकाला जोडायची. चाक फिरलं की चकती फिरायची आणि कितव्या मैलाला कुठं वळायचं ते काट्याखाली यायचं. फक्त मध्येच चहासाठी आडवाटेला जायचं नाही. गेलात, की चकतीचा हिशेब चुकला! रस्ता बदलला तर नवी चकती. म्हणजे अपडेटचं दुखणं तेव्हापासूनचं.

१९८१ साली जपानच्या होंडानं 'इलेक्ट्रो जायरोकेटर' आणला. त्याला उपग्रहाचा पत्ताच नव्हता. हेलियम वायूच्या झोतावरून गाडी किती वळली ते कळायचं, चाकावरून किती चालली ते कळायचं आणि छोट्या पडद्यावर ठिपका सरकायचा. नकाशा मात्र पडद्यावर ठेवायच्या पारदर्शक कागदावर. ठिपका कागदाच्या काठाशी आला, की चालकानं पुढचा कागद लावायचा. चार वर्षांनी, १९८५ साली, कॅलिफोर्नियात 'एटाक' नावाचं यंत्र निघालं. त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर! आपण घरी ज्या काळात कॅसेटचा गुंता पेन्सिलीनं सोडवत होतो, त्या काळात तिकडे लोक कॅसेट घालून रस्ता शोधत होते.

'एटाक' हा शब्द प्रशांत महासागरातल्या खलाशांचा. ते बेटाबेटांतून होडी हाकताना असं धरून चालत, की होडी जागच्या जागी उभी आहे आणि बेटंच मागं सरकताहेत. आजही गाडीच्या पडद्यावर बाण जागेवर असतो आणि जग सरकत असतं. मला ही कल्पना फार आवडली. हिला सांगितली. ती म्हणाली, "तुमचं सगळ्याच बाबतीत तसंच आहे."

उपग्रह आले ते लष्करासाठी. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली उडाला. १ सप्टेंबर १९८३ला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या रेगनसाहेबांनी ही सोय सामान्यांना खुली होईल असं जाहीर केलं. १९९० साली माझदाच्या एका गाडीत ती आलीसुद्धा. मात्र मे २०००पर्यंत सामान्यांना मुद्दाम थोडा चुकीचा संकेत मिळे. चूक शंभरेक मीटरची. म्हणजे आमच्या पेठेत चार बोळ आणि दोन मारुती!

आणि गंमत अशी, की उपग्रह बिचारा रस्ता सांगतच नाही. तो सांगतो फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा. चार उपग्रहांचे संकेत किती उशिरा पोचले त्यावरून गाडी आपली जागा काढते. त्या जागी रस्ता आहे की समुद्र, हे तिच्या पोटातल्या नकाशानं ठरवायचं. आमची गाडी जागा बरोबर सांगत होती, तिचं भूगोलाचं पुस्तक तेवढं जुनं होतं.

शेवटी पुस्तक बदललं. रात्रभर फाईल उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली, गाडीला लावली. 'इंजिन बंद करू नका' अशी तंबी आली. गाडी पार्किंगमध्ये जागच्या जागी तासभर घुरघुरत उभी. त्रेचाळीस टक्क्यांवर ती अडली तेव्हा भोवती सात माणसं जमली होती आणि सातही जण वेगवेगळं बटण दाबायला सांगत होते. कुणाचंच ऐकलं नाही म्हणून काम झालं.

नव्या नकाशात अटल सेतू होता, नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग होता, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालेलं होतं. फक्त आम्ही साठवून ठेवलेली ठिकाणं सगळी पुसली गेली होती. त्यात 'घर'सुद्धा.

पुढच्याच महिन्यात सोलापूरला लग्न निघालं. चिरंजीव चालवत होते. नवा नकाशा बघायला आई पुढे बसली. भिगवण गेलं आणि पडद्याच्या डाव्या अंगाला निळं पसरायला लागलं.

"आता हा कुठला समुद्र?"

"उजनीचं पाणी, आई."

धरण १९८० साली पुरं झालं. आईचं माहेर त्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. "देव येतो वर," आई म्हणते, "आमचं घर काही येत नाही."

तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "इथं वाडा. इथं विहीर. इथून शाळेची वाट." बोट लागताच बाई जागी झाली. या ठिकाणी जाणारा रस्ता सापडला नाही, म्हणाली.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "मलातरी कुठं सापडला?"

मी मागून वाकून ती जागा साठवली आणि नाव दिलं, 'माहेर'. मग आठवलं, पुढच्या अपडेटला हेही पुसलं जाणार. तेव्हा खिशातली लग्नपत्रिका काढली, कोऱ्या बाजूनं आईच्या पुढ्यात धरली आणि पेन दिलं. ती काढायला लागली. वाडा, विहीर, चिंच. पडद्यावर आमचा बाण जागच्या जागी होता आणि निळं पाणी सावकाश मागं सरकत होतं.

"हळू चालव रे," मी चिरंजीवांना म्हणालो. "तिचं अजून संपलं नाही."