रूळ की रस्ता? दोन समुद्रगावांची गोष्ट

माझ्या नोकरीची तीस वर्षे कोकणातल्या एका बस आगारात वेळापत्रके आखण्यात गेली. किनाऱ्यावरच्या छोट्या पर्यटनगावाला ट्राम बरी की वारंवार सुटणाऱ्या बस, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले असे : बस. हंगामात जादा गाड्या सोडाव्यात, गर्दी ओसरली की फेऱ्या कमी कराव्यात. रुळांना हे कसे जमणार? निवृत्तीनंतर मुलीकडे मँचेस्टरला राहत असताना आयरिश समुद्राकाठची दोन गावे पाहिली, त्यांच्या वाहतुकीचा इतिहास वाचला. एकाने ट्राम राखली, दुसऱ्याने मोडली. तेव्हापासून माझे उत्तर तितकेसे सोपे राहिलेले नाही.

पहिले गाव ब्लॅकपूल. १८४६ मध्ये तिथे रेल्वे पोचली आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांतले कामगार सुट्टीला येऊ लागले. प्रत्येक गिरणीगावाची सुट्टी वेगवेगळ्या आठवड्यात असे. त्यामुळे उन्हाळाभर गर्दीच्या लाटांमागून लाटा येत. २९ सप्टेंबर १८८५ रोजी इथल्या किनाऱ्यावर विजेची ट्राम सुरू झाली. सार्वजनिक रस्त्यावरून धावणारी ब्रिटनमधली ही पहिली विद्युत ट्राम. मायकेल होलरॉइड स्मिथ या अभियंत्याने रुळांच्या मधोमध जमिनीत चर ठेवून त्यातून वीज घेतली होती. पण समुद्राचे पाणी आणि वाळू चरात शिरे, वीज गळे, गाड्या अडून पडत. १८९२ मध्ये नगरपालिकेने ट्राम आपल्या हाती घेतली आणि १८९९ मध्ये वीज डोक्यावरच्या तारेतून घ्यायला सुरुवात केली.

या गावाची ठेवणच ट्रामला सोयीची होती. तीन पिअर, १८९४ चा टॉवर, हॉटेले हे सारे समुद्राला समांतर अशा एकाच रेषेवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्याचा रस्ता रुंद केला तेव्हा ट्रामला तिची स्वतंत्र पट्टी मिळाली. घोडागाड्यांशी किंवा पुढे मोटारींशी तिला जागेसाठी भांडावे लागले नाही. १८९८ मध्ये उत्तरेकडच्या फ्लीटवूड या मासेमारी बंदरापर्यंत दुसऱ्या एका कंपनीने मार्ग टाकला होता. तोही नगरपालिकेने १९२० मध्ये विकत घेतला. १९१२ पासून किनाऱ्यावर शरद ऋतूतली रोषणाई सुरू झाली आणि उन्हाळ्याचा हंगाम पुढे लांबला. दिव्यांनी मढवलेल्या ट्राम हा त्या रोषणाईचाच भाग झाला. १९३० च्या दशकात व्यवस्थापक वॉल्टर लफ यांनी प्रेस्टनच्या कारखान्यातून नव्या घाटाच्या गाड्या आणल्या. १९३४ पासून धावलेल्या दुमजली ‘बलून’ गाड्या त्यांतल्याच.

इथवर वाचताना माझ्यातला बसवाला जरा खट्टू झाला होता. पुढचे प्रकरण मात्र त्याच्या बाजूचे निघाले. याच नगरपालिकेने गावाच्या आतल्या भागातल्या ट्राम बंद केल्या : लिथम रस्ता १९६१, मार्टन १९६२, डिक्सन रस्ता १९६३. तिथले रूळ इतर वाहनांच्या वर्दळीत होते. झिजलेले रूळ बदलायचे तर खर्च मोठा. त्या जागी बस आल्या. काळाची हवाही तशीच होती; १९६२ मध्ये ग्लासगोने, ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईने ट्रामला निरोप दिला. म्हणजे ब्लॅकपूलने ट्रामचा हट्ट धरला नव्हता. किनाऱ्यावर ट्राम आणि आत बस, अशी त्यांनी कामाची वाटणी केली.

दुसरे गाव उत्तर वेल्समधले लँडुडनो, ब्लॅकपूलपेक्षा पुष्कळ लहान. १९ ऑक्टोबर १९०७ रोजी तिथे ट्राम सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या कॉल्विन बेला पोचली. ही ट्राम खासगी कंपनीची, आणि कंपनीच्या गाठीला पैसा बेताचा. १९३६ मध्ये तिने बोर्नमथने मोडीत काढलेल्या दुमजली गाड्या आणून वापरल्या. मार्गाचा काही भाग स्वतंत्र होता, काही भाग गावातल्या रस्त्यांवर. पेनरिन बे इथे समुद्र रुळांखालची जमीन खात होता, आणि त्याच वाटेवर दुसऱ्या कंपनीच्या बस प्रवासी पळवत होत्या. २४ मार्च १९५६ रोजी शेवटची ट्राम धावली.

त्यानंतर कंपनीने स्वतःच्या बस काढल्या. माझ्या हिशेबाप्रमाणे आता सारे सुरळीत व्हायला हवे होते. पण १९६१ मध्ये हा बसधंदा प्रतिस्पर्धी क्रॉसव्हिल कंपनीला विकला गेला. पाच वर्षांत खेळ आटोपला. वाहन बदलले, तरी स्पर्धा आणि बेताचे भांडवल होते तिथेच राहिले होते.

ब्लॅकपूलची किनारी ट्राम मात्र टिकली. सुमारे १० कोटी पौंड खर्चून रूळ, थांबे, आगार नवे झाले आणि एप्रिल २०१२ पासून १६ नव्या गाड्या धावू लागल्या. १९६३ मध्ये तुटलेला रेल्वे स्थानकाचा दुवा २०२४ मध्ये दुसऱ्या रस्त्याने पुन्हा जोडला गेला.

जानेवारीतल्या एका पावसाळी दुपारी मी तिथून फ्लीटवूडपर्यंत गेलो. पर्यटक जवळजवळ नव्हतेच. डब्यात शाळेची मुले होती, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या. सुमारे १८ किलोमीटरच्या त्या मार्गाचे खरे बळ मला तेव्हा कळले. टॉवरपाशी चढणारा पाहुणा उन्हाळ्यापुरता. फ्लीटवूड आणि क्लीव्हलीजचा रहिवासी बारा महिन्यांचा. हंगामाच्या गर्दीसाठी ट्राम सुरू झाली असेल, ती टिकली या रोजच्या माणसांवर.

म्हणून आज मला कोणी तोच प्रश्न विचारला तर मी आधी तीन गोष्टी विचारीन. गावाची वर्दळ एकाच रेषेवर आहे का? हंगाम संपल्यावर त्या रेषेवर कोण प्रवास करतो? आणि रस्त्याची ती पट्टी गावाच्या ताब्यात आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच रुळांचा विचार करावा. बहुतेक छोट्या गावांचे तसे नसते. त्यांना बसच बरी.

पण बसचा जो गुण मी आयुष्यभर सांगत आलो, तोच तिचा दोषही आहे. फेरी वाढवायला एक कागद पुरतो, तसा बंद करायलाही. भारमान कमी म्हणून हंगामानंतर संध्याकाळची एक फेरी मीच बंद केली होती. ती पुन्हा सुरू झाली नाही. त्या गाडीत जेमतेम आठ-दहा माणसे असत, पण रोज तीच असत. तेव्हा मी डोकी मोजली; ती रोजची आहेत, हे कागदावर कुठे मांडलेच नाही.