वृत्तछायाचित्राची मागची बाजू

वर्तमानपत्रात छापून येणारे छायाचित्र आणि त्यासाठी डार्करूममध्ये काढलेली प्रिंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विसाव्या शतकातल्या जुन्या वृत्तसंग्रहातली एखादी प्रिंट उलटून पाहिली की हा फरक कळतो. मागे एजन्सीचा किंवा छायाचित्रकाराचा रबरी शिक्का, तारीख, पेन्सिलीने लिहिलेले रकान्याचे माप आणि चिकटवलेला टंकलिखित मजकूर असतो. पुढच्या बाजूला काटछाटीच्या रेघा असतात, कधी नको असलेला माणूस पांढऱ्या रंगाने झाकलेला असतो. वाचकापर्यंत पोहोचे ते या सगळ्यातून उरलेले चित्र. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पुष्कळदा मागची बाजूच जास्त उपयोगी पडते.

छायाचित्र जसेच्या तसे यंत्रावर छापता येत नसे. ते बारीक जाळीतून लहानमोठ्या ठिपक्यांत फोडायचे आणि जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे. हाच हाफटोन ब्लॉक. दैनिकाच्या खरखरीत कागदाला इंचामागे साधारण ५५ ते ६५ रेषांची जाळी लागे, गुळगुळीत कागदावरच्या साप्ताहिकाला त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून दैनिकातल्या गर्दीच्या चित्रात माणसे कशीबशी ओळखू येत, साप्ताहिकात साडीचे काठही दिसत. शिवाय ब्लॉकला पैसे पडत. बेताच्या ऐपतीच्या पत्रांत पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे ब्लॉक जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरत. पुढाऱ्याचे केस पिकले तरी छापील चेहरा तरुणच राही. भारतात चांगल्या वृत्तछायाचित्रांना खरी जागा मिळाली ती मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’सारख्या साप्ताहिकांत.

होमाई व्यारावाला यांची छायाचित्रे प्रथम लोकांसमोर आली ती मुंबईतच. १९१३ साली नवसारीत एका पारशी कुटुंबात जन्मलेल्या होमाई जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि कॅमेरा हाताळायला माणेकशा व्यारावालांकडून शिकल्या. पुढे दोघांचे लग्नही झाले. स्त्रियांच्या सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली, एका चित्राला एक रुपया या दराने. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतली मुंबई त्यांनी टिपली: रस्ते, बाजार, जे. जे.तल्या मैत्रिणी. त्या काळातली त्यांची बरीच चित्रे माणेकशांच्या नावाने छापली गेली. छायाचित्रकर्त्याचे छापील नाव हा निर्णायक पुरावा मानू नये, याला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

युद्धकाळात छायाचित्राची ताकद सर्वांत ठळकपणे दिसली ती बंगालच्या दुष्काळात. १९४३ साली सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीरच केला नव्हता. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, म्हणजे ब्रिटिशांच्याच मालकीच्या पत्राने, रस्त्यावर भुकेने पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली. संपादक होते इयान स्टीफन्स. त्यानंतर ही बातमी दाबणे अशक्य झाले. त्याच वर्षी सुनील जाना हा तरुण शिक्षण सोडून कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी आणि चित्रकार चित्तप्रसाद यांच्याबरोबर दुष्काळी जिल्ह्यांत गेला. त्याची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात आली आणि मदतनिधीसाठी पोस्टकार्ड म्हणूनही विकली गेली. जाना पक्षाचा माणूस होता, आणि त्याची चित्रे पाहताना हे विसरून चालत नाही. पण पक्षाने पाठवले नसते तर त्या गावांत कॅमेरा पोहोचलाच नसता, हेही खरे.

एखादे छायाचित्र निघते एका दिवशी आणि प्रसिद्ध होते दुसऱ्याच कारणाने. चरख्याशेजारी वाचत बसलेल्या गांधीजींचे जगप्रसिद्ध छायाचित्र मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात, डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकासाठी काढले. कॅमेरा लावण्याआधी सूतकताई शिकून घ्या, अशी अट त्यांना घालण्यात आली. खोलीत उजेड कमी, आणि फ्लॅशचे बल्ब वापरायची परवानगी फक्त तीनदा. त्यांनीच लिहिल्याप्रमाणे पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. फिल्मसोबत त्यांनी टंकलिखित टिपणेही पाठवली होती. तरी त्या वेळी या चित्राचा फारसा गाजावाजा झाला नाही. ते घरोघरी पोहोचले ते गांधीहत्येनंतरच्या श्रद्धांजलीच्या अंकांपासून. उलट हत्येच्या क्षणाचे छायाचित्रच उपलब्ध नाही. त्या संध्याकाळी होमाई प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या आणि पतीने बोलावल्यामुळे परतल्या. ही रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.

होमाई १९४२ साली ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीनिमित्त दिल्लीला गेल्या होत्या. साडी नेसून, सायकलवर जड स्पीड ग्राफिक कॅमेरा लादून फिरणारी बाई राजधानीत सर्वांच्या ओळखीची झाली. जून १९४७ मध्ये काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या बाजूने वर झालेले हात, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ साली सिक्कीममार्गे भारतात येणारे दलाई लामा, हे सगळे त्यांच्या संग्रहात आहे. त्यातच ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरूही आहेत. या चित्राला राजकीय महत्त्व शून्य, पण त्या काळच्या दिल्लीच्या मोकळेपणाचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. छायाचित्रकार आणि पुढारी यांच्यात तेव्हा हातभराचे अंतर असे. सुरक्षा वाढली, सरकारी छायाचित्रणाचे काम १९५९ साली स्थापन झालेल्या फोटो डिव्हिजनकडे एकवटले, आणि हे अंतर वाढत गेले. होमाईंनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला.

पुढच्याच वर्षी बांगलादेशच्या युद्धात वृत्तछायाचित्रकार किशोर पारेख कोणत्याही पत्राने पाठवले नसताना रणभूमीवर गेले. तिथल्या ६७ छायाचित्रांचे त्यांनी पुस्तक केले. वर्तमानपत्राच्या रकान्यात न मावणारे युद्ध पुस्तकातच मांडता येते, हे त्यांनी दाखवले.

या साऱ्यातले टिकले किती, हे बरेचसे योगायोगावर ठरले. बहुतेक वृत्तपत्रांना जुन्या निगेटिव्ह म्हणजे अडगळ वाटे. दिल्लीत मोरी गेटजवळ असोसिएटेड प्रेस फोटोग्राफ्स ही संस्था चालवणाऱ्या कुलवंत रॉय यांनी १९५८ नंतर जगभ्रमंतीत काढलेल्या निगेटिव्ह टपालाने घरी धाडल्या. त्या पोहोचल्याच नाहीत. त्या शोधत ते दिल्लीचे उकिरडेही धुंडाळत राहिले. १९८४ साली ते वारले. त्यांचे उरलेले खोके छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्याकडे वर्षानुवर्षे बंद पडून होते. ते उघडल्यावर त्यांतून गांधी, जिना, नेहरू यांच्याबरोबर भाक्रा-नांगल धरणावरचे कामगारही बाहेर आले.

खोक्यातल्या फिल्मचाही भरवसा नसतो. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. तिच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म दमट हवेत आकसते आणि तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. तो वास आला की नकलेची घाई करायची. प्रिंट घाईने धुतली असेल आणि तिच्यात हायपो, म्हणजे प्रिंट पक्की करणारे रसायन, राहिले असेल, तर ती पिवळी पडते, आणि वृत्तपत्राच्या डार्करूममध्ये प्रिंट निवांत धुवायला वेळ कुणाला होता? या नुकसानीला उपाय आहेत. मागचा मजकूर नाहीसा झाला तर मात्र उपाय नाही: पुढे सभा दिसते, पण कुठली, कधीची, कोणाची, हे सांगणारे काही उरत नाही. म्हणून जाणकार संग्राहक आज प्रिंटच्या दोन्ही बाजू स्कॅन करतात आणि मागचा शब्दन् शब्द, चुकांसकट, नोंदवून ठेवतात. होमाईंचा संग्रह मात्र योगायोगावर राहिला नाही: तो त्यांनी दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.